विश्लेषण : रिक्षाचे ॲप कमिशनवरून ‘पास’वर… चालकाला परवडणार की प्रवाशाला भुर्दंड?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड स्थानकाबाहेर ॲपवरून रिक्षा बोलावली, की आता बऱ्याचदा एकच प्रश्न ऐकू येतो : ‘पैसे मला द्यायचे, ॲपमध्ये नाही. कॅश की यूपीआय?’ अनेक प्रवाशांना ही चालकाची मनमानी वाटते. तशी ती नाही. रिक्षा आणि ॲप कंपनी यांच्यातील व्यवहारच गेल्या दोन-तीन वर्षांत बदलला आहे. पूर्वी कंपनी प्रत्येक भाड्यातून कमिशन कापून घेत असे. आता चालक कंपनीला ठरावीक रक्कम देतो आणि त्या बदल्यात ॲप वापरतो. कार्यालयात संगणकप्रणाली मासिक वर्गणीवर घ्यावी, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे वर्गणीदार हा दिवसाच्या धंद्यावर घर चालवणारा रिक्षाचालक आहे. या बदलामागे कमिशनविरोधी रोष आहे, स्पर्धा आहे आणि त्याहून अधिक वस्तू व सेवा कराचा, म्हणजे जीएसटीचा वाद आहे.

नेमके काय बदलले?

सुरुवात बंगळूरुत झाली. तेथे नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नम्मा यात्री’ हे ॲप आले. चालकांच्या संघटनेला सोबत घेऊन आलेल्या या ॲपने कमिशन न घेण्याचे जाहीर केले. पुढे खर्च भागवण्यासाठी त्यांनी चालकांसमोर दोन योजना ठेवल्या. दिवसाला २५ रुपये भरा आणि कितीही भाडी घ्या, किंवा प्रत्येक भाड्यामागे साडेतीन रुपये द्या. दहा भाड्यांनंतर त्या दिवशी आकारणी नाही. योजना साधी होती आणि चालकाला तोंडपाठ हिशेब करता येत होता. त्याच सुमारास कर्नाटक सरकारने ॲप कंपन्यांच्या सेवाशुल्कावर ५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. टक्केवारीवर चालणाऱ्या कंपन्यांची त्यामुळे दोन्ही बाजूंनी कोंडी झाली.

रॅपिडोने वर्गणीची पद्धत कॅबसाठीही आणली. उबरने १८ फेब्रुवारी २०२५ पासून देशभरातील रिक्षांसाठी ती स्वीकारली. ओलाने जून २०२५ मध्ये शून्य कमिशनची योजना देशभर लागू केल्याचे जाहीर केले. उबरच्या नव्या अटींनुसार कंपनी फक्त चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देते. ॲपवर दिसते ते सुचवलेले भाडे, अंतिम रक्कम दोघांनी ठरवायची आणि पैसे थेट चालकाला द्यायचे. कंपनीच्या खात्यात प्रवाशाची शिल्लक किंवा सवलत असली, तरी ती रिक्षासाठी वापरता येत नाही.

मुंबईच्या उपनगरांत याचा परिणाम अधिक का?

मुंबईत रिक्षा फक्त उपनगरांत चालते. पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला शीवच्या पलीकडे शहरात तिला प्रवेश नाही. त्यामुळे रिक्षाचा मोठा धंदा स्थानक ते घर, मेट्रो ते कार्यालय असा आखूड पल्ल्याचा असतो. २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि २०२३ च्या जानेवारीत अंधेरी ते दहिसर पट्ट्यातील दोन मेट्रो मार्गिका पूर्ण झाल्या, तेव्हा या छोट्या भाड्यांत भरच पडली. शिवाय बंगळूरु किंवा पुण्याच्या तुलनेत उपनगरात मीटरची शिस्त बरी आहे. हात दाखवून रिक्षा थांबवली तर ती बहुधा मीटरनेच जाते. प्रश्न असतो तो ती थांबण्याचा.

मीटरचा दर मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण ठरवते. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. पुढे प्रतिकिलोमीटर १७ रुपये १४ पैसे. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के अधिक. चार किलोमीटरच्या प्रवासाचे मीटर, वाहतूक कोंडीतील थांबा सोडून, ६९ रुपयांच्या आसपास जाते. पुढच्या हिशेबासाठी हाच आकडा घेऊ.

पास भरून चालकाला किती उरते?

समजा कंपनीचे कमिशन २० टक्के आहे आणि दुसऱ्या योजनेत रोजचा पास ५० रुपयांचा. हे दर समजुतीपुरते घेतले आहेत. प्रत्यक्षात ते कंपनी, शहर आणि दिवसानुसार बदलतात. कमिशन असो वा पास, कंपनी चालकाला देते त्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतोच. म्हणजे ६९ रुपयांच्या भाड्यावर कमिशन करासह सव्वासोळा रुपये आणि ५० रुपयांचा पास ५९ रुपयांना.

दिवसात ॲपवरून दहा भाडी मिळाली, तर कमिशनपोटी सुमारे १६३ रुपये जातील. पासवाल्याचे जातील ५९. दिवसाला १०० रुपयांहून अधिक बचत, महिन्याचे २६ दिवस धरले तर अडीच हजारांच्या पुढे. सीएनजी २०२५ मध्ये किलोमागे ८० रुपयांच्या घरात होता, हे पाहता रक्कम लहान नाही. चौथ्या भाड्याला पास वसूल होतो, त्यापुढचे सगळे चालकाचे. उपनगरातील आखूड भाड्यांचा धंदा पाहता गर्दीच्या वेळी चार भाडी मिळणे कठीण नाही. म्हणून चालकांचा या पद्धतीला असलेला पाठिंबा खरा आहे. तो केवळ कंपन्यांच्या जाहिरातीतला नाही.

पण दोनच भाडी मिळाली तर? कमिशनमध्ये ३३ रुपये गेले असते, पासमध्ये ५९ गेले. एकही मिळाले नाही तरी ५९ गेलेच. कमिशनच्या पद्धतीत चालकाचा धंदा झाला तरच कंपनीची कमाई होत असे. पासमध्ये बोहनी होण्याआधीच कंपनीचे पैसे वसूल होतात. पावसाचा, आजारपणाचा, रिक्षा गॅरेजमध्ये असल्याचा धोका आता पूर्णपणे चालकाकडे आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेंबूरच्या आरसीएफ आवारात गॅसवाहिनीला हानी पोहोचली आणि मुंबईत सीएनजीचा पुरवठा विस्कळीत झाला. रिक्षांच्या रांगा पंपांवर तासन् तास उभ्या होत्या. अशा दिवशी रोजचा पास घेणारा तो न घेऊन सुटतो. आठवड्याचा किंवा महिन्याचा स्वस्त पास आधीच घेतलेल्याचे दिवस मात्र रांगेतच सरतात. वर्गणीच्या योजनेत मुदत जितकी लांब तितका दर कमी, हे मोबाइलच्या रिचार्जवरून सर्वांनाच ठाऊक आहे. त्या सवलतीची किंमत म्हणजे हा धोका.

इथे चालकाचा प्रकारही पाहावा लागतो. स्वतःच्या परवान्यावर, स्वतःची रिक्षा चालवणारा दिवसभर रस्त्यावर असतो. त्याला पास परवडतो. मालकाची रिक्षा शिफ्टवर घेणारा आधीच रोजचे ठरलेले पैसे मालकाला देतो आणि गॅस स्वतः भरतो. त्याच्या डोक्यावर आता रोजचा दुसरा ठरलेला खर्च आला. अर्धा दिवस चालवणाऱ्यालाही पासचे पैसे बहुतेक योजनांत पूर्णच पडतात. भाड्यांच्या संख्येवर आकारणी करणारी, वर कमाल मर्यादा असलेली योजना अशांसाठी अधिक न्याय्य ठरते.

एकाच फोनवर तीन ॲप का नाहीत?

कमिशनच्या काळात चालक दोन-तीन ॲप एकाच वेळी सुरू ठेवत. न वापरलेल्या ॲपचे पैसे पडत नसत. जिथून चांगले भाडे येईल ते घ्यायचे, हा साधा हिशेब होता. आता तीन ॲपचे तीन पास घेतले, तर वरच्या उदाहरणाप्रमाणे दिवसाला १७७ रुपये होतात आणि ते वसूल व्हायला तिन्ही मिळून अकरा भाडी लागतात. साहजिकच चालक एक किंवा दोन ॲप निवडतो आणि बाकीची बंद ठेवतो. म्हणजे स्थानकाबाहेर वीस रिक्षा उभ्या असल्या, तरी तुमच्या फोनमधल्या ॲपवर त्यातील मोजक्याच दिसू शकतात. पूर्वी चालकाच्या फोनमध्ये अनेक ॲप असत, आता प्रवाशाला ती ठेवावी लागतात.

दुसरी बाजू कंपनीची. कमिशन घेणाऱ्या कंपनीचा फायदा जास्त भाडी आणि जास्त रक्कम यांत असतो. पास विकणाऱ्या कंपनीचा फायदा जास्त चालकांत असतो. मागणी तेवढीच राहिली आणि पासधारक वाढले, तरी कंपनीचे उत्पन्न वाढते. प्रत्येक चालकाच्या वाट्याला येणारी भाडी मात्र घटतात. चालक भाड्याविना कंटाळून पास घेणे बंद करेपर्यंत कंपनीला त्याची झळ लागत नाही. शून्य कमिशन या आकर्षक शब्दामागची ही बाब चालक संघटनांनीही फारशी लावून धरलेली नाही.

जीएसटीचा यात काय संबंध?

खरी मेख इथे आहे. रस्त्यावर हात दाखवून पकडलेल्या रिक्षाच्या भाड्यावर जीएसटी नाही. तीच रिक्षा ॲपवरून बोलावली, तर १ जानेवारी २०२२ पासून ५ टक्के कर लागू झाला. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) नुसार तो भरण्याची जबाबदारी चालकावर नाही, तर ॲप कंपनीवर. ६९ रुपयांच्या भाड्यावर हा कर साडेतीन रुपयांच्या आसपास होतो. एकच रिक्षा, एकच अंतर, एकच चालक. मग भेद का, असा सवाल उबरने दिल्ली उच्च न्यायालयात केला. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली. ॲपवरून मिळणारी सेवा हा वेगळा वर्ग आहे आणि त्यावर वेगळा कर लावता येतो, असा त्याचा आशय होता.

मग कंपन्यांनी व्यवहाराचे स्वरूपच बदलले. कलम ९(५) लागू होते ते ॲप कंपनीमार्फत पुरवलेल्या सेवेला. सारा वाद या ‘मार्फत’ शब्दावर आहे. कंपनीचे म्हणणे असे, की आम्ही प्रवास पुरवतच नाही. आम्ही चालकाला संगणकप्रणाली विकतो आणि त्यावर १८ टक्के कर भरतो. प्रवास चालक पुरवतो, भाडे तोच घेतो. त्याच्या भाड्याशी आमचा संबंध नाही, मग ५ टक्के आम्ही का भरावेत?

कर्नाटकातील आगाऊ निर्णय प्राधिकरणासमोर हा प्रश्न गेला तेव्हा दोन वेगळी उत्तरे मिळाली. २०२३ मध्ये ‘नम्मा यात्री’ चालवणाऱ्या जस्पे कंपनीच्या प्रकरणात कंपनी केवळ गाठ घालून देते, त्यामुळे तिच्यावर हा कर नाही, असा निर्णय झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उबरच्या बाबतीत त्याच राज्यातील प्राधिकरणाने वर्गणीची पद्धत असली तरी कर भरावा लागेल, असे म्हटले. असा आगाऊ निर्णय फक्त अर्ज करणाऱ्या कंपनीला आणि तिच्या कर अधिकाऱ्यांना बंधनकारक असतो, सर्वांना नाही. म्हणून दोन्ही निर्णय एकाच वेळी उभे राहू शकतात. उबरचा निर्णय विरोधात गेल्यावर तीनच महिन्यांत कंपनीने वर्गणीची पद्धत देशभर आणली, हे लक्षणीय आहे. स्पर्धक ५ टक्के न लावता भाडे दाखवत असताना आपण लावायचा, हे कोणत्याही कंपनीला बाजारात परवडणारे नव्हते.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ॲपवरील रिक्षा कराच्या रकमेइतकी स्वस्त होऊ शकते. ती प्रत्यक्षात तेवढी स्वस्त झाली का, हे मात्र मीटरशी ताडून पाहावे लागते.

प्रवाशाची तक्रार कोण ऐकणार?

कमिशनच्या काळात कंपनी भाडे ठरवत असे, पैसे घेत असे. म्हणून काही बिनसले तर परतावाही तिच्याकडे मागता येत असे. आता पैसे थेट चालकाच्या यूपीआय खात्यात जातात. दाखवलेले भाडे ८० आणि मागितले ११०, अशा वेळी परत करायला कंपनीकडे तुमचे पैसेच नसतात. तक्रार नोंदवता येते, चालकाला ॲपवरून काढण्याची कारवाई होऊ शकते. रक्कम परत मिळणे कठीण. उपनगरातील प्रवाशाकडे यावर एक उपाय आहे, जो इतर अनेक शहरांत नाही : मीटर. ॲपवरचे भाडे पटत नसेल तर मीटरने चलण्याचा आग्रह धरता येतो. मीटरच्या रिक्षाने भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार गुन्हा आहे आणि त्याची तक्रार अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, अर्थात रिक्षाच्या क्रमांकासह, करता येते.

भाडे ठरवण्याची जबाबदारी कंपनीने झटकली, की त्या जागी लिलाव सुरू होतो. रिक्षा येण्याआधीच ‘टिप वाढवा, लवकर मिळेल’ असे सुचवणारी सोय हा त्याचाच प्रकार. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या आगाऊ टिपेबद्दल उबरला नोटीस बजावली. टिप ही सेवेनंतर खुशीने द्यायची असते, आधी मागायची नाही, अशी भूमिका केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी घेतली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने रॅपिडोला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल १० लाख रुपयांचा दंड केला. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये’ असे आश्वासन होते. प्रत्यक्षात ५० रुपयांपर्यंतची नाणी मिळत, तीही त्याच ॲपवर बाइकसाठी आणि सात दिवसांतच वापरण्याची. चालक आपला नाही, भाडे आपले नाही, असे म्हणणारी कंपनी पाच मिनिटांची हमी कशाच्या बळावर देते, हा प्रश्न त्या दंडाहून मोठा आहे.

राज्याचे नियम पुरे पडतात का?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ॲप कंपन्यांची, सरकारी भाषेत समुच्चयकांची, व्याख्या आली आणि त्यांना राज्याचा परवाना बंधनकारक झाला. परवाना नसल्याच्या मुद्द्यावर जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रॅपिडोला राज्यातील सेवा थांबवावी लागली होती. मे २०२५ मध्ये राज्याने समुच्चयक धोरण जाहीर केले. मागणी वाढली तरी भाडे मूळ दराच्या दीडपटीपुढे नको, सवलत २५ टक्क्यांहून अधिक नको आणि भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला, अशी त्याची सूत्रे. ॲप कॅबच्या चालकांनी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात आंदोलन केल्यानंतर सप्टेंबरमध्ये त्यांच्यासाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा मूळ दरही ठरला.

हे सारे कमिशनची पद्धत डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले आहे. ८० टक्क्यांचा नियमच पाहा. पासवाला चालक पूर्ण भाडे स्वतः घेतो, म्हणजे कागदावर त्याला १०० टक्के मिळतात. पण दिवसात तीनच भाडी मिळून २०७ रुपये आले आणि पासचे ५९ गेले, तर २८ टक्क्यांहून अधिक रक्कम कंपनीकडे गेली. नियम मोडला की पाळला? नियमाच्या शब्दांत याचे उत्तर सापडत नाही. भाडे किती असावे यावर मर्यादा आहे, पासच्या दरावर नाही.

आणि पासचा दर हाच पुढच्या काळातला कळीचा मुद्दा ठरेल. रिक्षाचे भाडे पैशांपर्यंत मोजून ठरते. त्यासाठी खटुआ समितीचे सूत्र आहे. वाहनाची किंमत, इंधन, देखभाल, महागाई असा हिशेब मांडला जातो, संघटना आणि प्रवासी प्रतिनिधी भांडतात, मग रुपया-दोन रुपये वाढतात. पासचा दर मात्र कंपनी एका संदेशाने बदलू शकते. वर्गणीवर चालणाऱ्या सेवांचा आजवरचा अनुभव सांगतो, की पहिला दर सवय लावण्यासाठी असतो. चालकाने कमिशनचे ॲप सोडले, हातात एकच पास राहिला, की दर वाढवणे सोपे. त्यावर संघटना उद्या मागणी करतील, की पास हाही आमचा खर्च आहे, तो मीटरच्या सूत्रात धरा. ती मान्य झाली, तर ॲप कधीही न वापरणारे, मुलुंडच्या रांगेत उभे राहून मीटरने जाणारे ज्येष्ठ नागरिकही ॲपचे पैसे भरू लागतील. ती मागणी फेटाळणेच योग्य ठरेल. मात्र मग पासच्या दराला कमाल मर्यादा घालण्याची जबाबदारी राज्याला टाळता येणार नाही.

चालकाच्या सामाजिक सुरक्षेचे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ॲपवर काम करणाऱ्यांचा तीत प्रथमच कायद्याने उल्लेख आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची. मात्र ती कंपनीने त्या कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. कमिशनच्या काळात प्रवाशाचे पैसे कंपनीकडे येत आणि ती चालकाला देत असे. पासच्या पद्धतीत पैसा उलट दिशेने जातो : चालक कंपनीला देतो. कंपनीची उलाढाल पासच्या विक्रीपुरती उरते आणि चालकाला ‘दिलेली रक्कम’ शून्य असल्याचा दावा तिला करता येतो. शून्याचे ५ टक्के शून्यच होतात. नियम करताना केंद्र आणि राज्य सरकारांनी प्रवाशाने थेट दिलेले भाडे या रकमेत धरायचे की नाही, हे स्पष्ट केले नाही, तर विमा आणि निवृत्तीच्या लाभांसाठी नोंदणी केलेल्या अंधेरी-घाटकोपरच्या रिक्षाचालकाच्या नावापुढे जमा होणारी रक्कम कंपनीच्या वकिलांच्या युक्तिवादावर अवलंबून राहील.